किलोमीटरचा काटा आणि उजवं स्टिअरिंग



जुन्या गोव्याच्या आठवणी म्हटल्या की आपण देवळं, शाळा, नाटकं, चवथ, फेरीबोटी यांच्यावर भरभरून लिहितो. रस्त्यावरच्या गाड्यांवर मात्र फारसं कुणी लिहीत नाही. खरं तर आपल्या पेडणे-डिचोलीच्या गेल्या सत्तर वर्षांचा अर्धा हिशेब त्या गाड्यांत सापडतो. म्हणून आज थोडं लांबण लावतो. चहा घेऊन बसा.

आधी सांगून टाकतो, मी मेकॅनिक नव्हे. बी.कॉम. होऊन १९७१ साली बँकेत लागलो, डिचोली आणि म्हापसा भागात बहुतेक नोकरी झाली, अधिकारी म्हणून निवृत्त झालो. पण बँकेत गाड्यांच्या कर्जाची पाहणी पुष्कळ वर्षं केली. निवृत्तीनंतर पेडण्यातल्या एका मित्राची १९५७ सालची मर्सिडीज पुन्हा उभी राहिली, तेव्हा तिची कागदपत्रं सांभाळण्याचं काम माझ्याकडं आलं. मित्र निवृत्त शिक्षक, सगळा गाव त्यांना मास्तर म्हणतो, मीही मास्तरच म्हणतो. गाडी परीक्षकांपुढं न्यायची असा त्यांच्या मुलाचा हट्ट होता. त्या तीन वर्षांत जे शिकलो ते इथं लिहून ठेवतो.

मुळात मर्सिडीज पेडण्यात आली कशी, हे आजच्या मुलांना कोडं वाटतं. १९५० नंतर डिचोली, साखळी, शिरगाव, पाळी, मये भागात लोखंडाच्या खाणी जोरात सुरू झाल्या. माल जपानला आणि पश्चिम जर्मनीला जाऊ लागला. खाणवाले, त्यांचे कंत्राटदार, बार्जवाले यांच्या हातात पैसा आला. त्याच सुमाराला, १९५४-५५ पासून, भारत सरकारनं गोव्याची आर्थिक कोंडी केली. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, ते ठिकाण आपल्या पेडणे तालुक्यातलंच. त्यानंतर सीमा बंद झाली. सावंतवाडी-बांद्याकडून माल येईना. मग जे हवं ते मुरगाव बंदरातून, बोटीनं, परदेशातून. पलीकडं मुंबईत परदेशी गाडीसाठी आयात परवान्याच्या नाकदुऱ्या काढाव्या लागत, इकडं गोव्यात ओपेल, फोक्सवॅगन, मॉरिस, मर्सिडीज आल्फांदेगातून, म्हणजे पोर्तुगीज जकातीतून, सोडवून आणता येत. खेड्यातल्या वाड्यापुढं जर्मन गाडी आणि पलीकडं बैलगाडी, असं चित्र आमच्या लहानपणी नवल नव्हतं.

आमची ही गाडी म्हणजे मर्सिडीज १८० डी. डी म्हणजे डिझेल. १७६७ सीसीचं इंजिन, ताकद चाळीस-त्रेचाळीस घोड्यांची, म्हणजे आजच्या छोट्या मारुतीपेक्षाही कमी. चढावावर हळू, पण थांबणार नाही. डिचोलीतल्या एका खाण कंत्राटदारानं ती नवी घेतली. मुक्तीनंतर काही वर्षांनी त्यानं ती मास्तरांच्या वडिलांना विकली आणि त्यांनी ती टॅक्सी म्हणून चालवली. पेडणे ते म्हापसा, कधी डिचोली-अस्नोडामार्गे. गोव्यात एके काळी मर्सिडीजच्या टॅक्सी होत्या हे बाहेरच्यांना थट्टा वाटते. पण बाळंतीण असो, लग्नाचं वऱ्हाड असो की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला निघालेल्या बायका असोत, सातआठ माणसं कोंबून ही गाडी जायची. छप्पर पिवळं, बाकी काळी.

आता मूळ विषयाकडं येतो.

जुनी गाडी चालू करणं वेगळं आणि परीक्षेला उतरवणं वेगळं. अशा स्पर्धांना परदेशात मोठी परंपरा आहे. कॅलिफोर्नियात पेबल बीचची स्पर्धा १९५० पासून चालते. आपल्याकडं स्टेट्समन वृत्तपत्राची दिल्लीतली रॅली १९६४ पासूनची. परीक्षक गाडी किती चकाकते एवढंच पाहत नाहीत. ही गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा अशीच होती का, हे पाहतात. साधारण पद्धत अशी की पूर्ण गुणांपासून सुरुवात करायची आणि जिथं जिथं खोट दिसेल तिथं वजा करत जायचं. इंजिन-चेसिसचे नंबर, रंग, काचा, दिवे, टायर, सीटचं कापड, वायरी, पाईप आवळायच्या क्लिपा, इतकंच काय, स्क्रूची डोकी. आपल्या ऑडिटसारखंच म्हणा ना. ताळेबंद सुंदर टाईप केलाय म्हणून ऑडिटर खूश होत नाही, तो व्हाउचर मागतो.

पहिलं व्हाउचर चेसिस नंबर. बँकेत असताना टॅक्सी, ट्रक, टेम्पो काहीही तारण असलं की आम्ही चेसिस नंबरवर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासायचो. नंबर जसाच्या तसा कागदावर उमटतो. हातानं उतरवलेल्या आकड्यात चूक राहते, घासून घेतलेल्या ठशात राहत नाही. मास्तरांच्या गाडीचा ठसा मी स्वतः घेतला. सुरुवात १२०११० नं, म्हणजे १८० डी चा तो पहिला प्रकार. पुढं इंजिनाचा नंबर घेतला. मुलानं दोन्ही नंबर जर्मनीला कंपनीकडं पाठवले. मर्सिडीजवाले जुन्या गाडीच्या मालकाला तिचं डेटा कार्ड देतात, म्हणजे कारखान्यातून निघतानाची नोंद. ते आलं आणि आमच्याकडचे नंबर त्याच्याशी जुळले. साठ वर्षं टॅक्सी, खड्डे, खारा वारा आणि पावसाळे सोसूनही इंजिन तेच होतं. त्या काळच्या कितीतरी गाड्यांत पुढं दुसरंच इंजिन बसवलं गेलं, कारण मुक्तीनंतर परदेशी सुटे भाग मिळेनासे झाले. या गाडीत ते झालं नाही, याचं श्रेय मेस्ताला.

मेस्त म्हणजे आपल्याकडचा कसबी कारागीर, तुम्हांला सांगायला नको. हा डिचोलीचा. खाणीच्या ट्रकांवर डिझेल शिकलेला. टेल्को आणि डाइमलर-बेंझ यांचा करार १९५४ ते १९६९ असा पंधरा वर्षांचा होता, त्यामुळं त्या काळातल्या ट्रकांच्या नाकावरही तोच तारा असायचा. आता मेस्त ऐंशीच्या पुढं आहेत. २०१२ ला खाणी बंद पडल्या, २०१८ ला पुन्हा बंद पडल्या, आणि डिचोली-साखळीकडची कितीतरी गॅरेजं मिटली. मेस्तांच्या मुलांनी लेथ विकलं. पण हात अजून स्थिर आहे.

आता बारकावे बघा, म्हणजे लक्षात येईल लोक यात वेडे का होतात.

जर्मन गाडीचे नट-बोल्ट मिलिमीटरचे, पाने दहाचा, चौदाचा, सतराचा, एकोणीसचा. ॲम्बॅसेडर मूळची इंग्रज मॉरिस, तिची मापं इंचाची. टॅक्सीच्या धंद्यात गाडी उभी ठेवून चालत नाही, म्हणून कधीतरी कुणीतरी इंचाचा बोल्ट मिलिमीटरच्या आट्यात जबरदस्तीनं फिरवलेला. वरून काही दिसत नाही. पण आटे मेलेले. मेस्तांनी असे चौदा बोल्ट शोधून काढले, एकेक आटा पुन्हा पाडला. दारांच्या आतल्या पट्ट्यांना कुणी स्टारचे स्क्रू मारले होते, मूळचे जे थोडे शिल्लक होते ते सरळ खाचेचे. ते सगळे सरळ खाचेचे करून घेतले. मुलगा तर असा की बसवून झाल्यावर सगळ्यांच्या खाचा एका रेषेत फिरवायला निघाला. मेस्त म्हणाले, "बाबा, कारखान्यातलो मनीस असो खाचो बघत बसतालो?" ते खरंच. कारखान्यात जे झालं नाही ते करणं हीसुद्धा खोटच.

सीटची गंमत ऐका. मुलानं फोमची ऑर्डर द्यायची ठरवली होती. जुनी सीट उसवली तर स्प्रिंगवर काथ्या. सगळ्यांना वाटलं, हे आपल्या टॅक्सीच्या काळातलं गावठी काम, नारळाच्या गावात दुसरं काय भरणार! शोध घेतल्यावर कळलं की त्या काळच्या जर्मन गाड्यांत स्प्रिंगवर घोड्याच्या केसांचा किंवा काथ्याचा, रबरानं बांधलेला थर असायचाच. म्हणजे आपण गावठी म्हणून काढून फेकणार होतो ते बरोबर होतं, आणि नवंकोरं म्हणून आणणार होतो ते चूक. काथ्या पुन्हा पेडण्यातूनच आणला.

चाकाच्या टोप्या अख्ख्या क्रोमच्या चकचकीत करून घ्याव्यात असं एकाचं मत पडलं. या मॉडेलला त्या मध्ये गाडीच्याच रंगाच्या होत्या, कड तेवढी क्रोमची. काचेच्या कोपऱ्यातला कारखान्याचा छाप तीन काचांवर होता, चौथी काच कधीतरी फुटून बदललेली, साधी. टायरचं मूळ माप ६.४०-१३, तेही जुन्या पद्धतीचे, रेडियल नव्हेत. ते परदेशातून आणायचे तर खर्च बजेटबाहेर जात होता. मास्तर पेन्शनर. मी रजिस्टरात स्वच्छ लिहिलं, टायर रेडियल, गुण जाणार, मंजूर. सगळंच बरोबर करता येत नाही. काय बरोबर नाही ते आपल्याला ठाऊक असलं पाहिजे, इतकंच.

खरा वाद झाला तो वेग दाखवणाऱ्या काट्यावरून.

गाडीचं स्टिअरिंग उजवीकडं आणि काट्यावरचे आकडे किलोमीटरचे. एका जाणकार म्हणवणाऱ्या गृहस्थानं मुलाला सांगितलं, हे चूक आहे. उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या इंग्लंडला जायच्या, त्यांना मैलांचा काटा. किलोमीटरचा काटा डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांना. तुमच्या गाडीत कुणीतरी भंगारातला काटा बसवलाय, परीक्षक बघताक्षणी गुण कापतील. इंग्लंडहून मैलांचा काटा मागवा, जुन्या सामानवाल्यांकडं सहज मिळतो. मुलगा तयार झाला. पैसेही पाठवणार होता.

मी म्हटलं, थांब जरा. हे इंग्लंडही नव्हे आणि लिस्बनही नव्हे, हा गोवा आहे.

आता हे लक्षात घ्या. पोर्तुगालमध्ये गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालायला लागल्या १९२८ पासून. त्याआधी तिथं डावी बाजू होती. हा बदल गोव्यात लागू केला नाही. कारण उघड आहे, आपल्या तिन्ही बाजूंना ब्रिटिश हिंदुस्थान, तिथं डावी बाजू. पत्रादेवीला किंवा दोडामार्गला हद्द ओलांडताना बाजू बदलायची म्हणजे रोज टक्कर. मोझांबिक आणि मकाव इथंही तसंच केलं, त्यांचेही शेजारी डाव्या बाजूचे. म्हणून गोव्यात पोर्तुगीज राज्य असूनही गाडी डावीकडून जायची आणि उजवं स्टिअरिंग सोयीचं होतं. पण मापं पोर्तुगीज, म्हणजे मीटर, किलो, लिटर, किलोमीटर. हद्दीपलीकडं सावंतवाडी-बेळगावला मैलाचे दगड, शेर, मण. भारतात मेट्रिक मापांचा कायदा झाला १९५६ ला, आणि तो रस्त्यावर उतरायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे बाजू शेजाऱ्यांची आणि माप मालकांचं, अशी सांगड गोव्यात होती. उजवं स्टिअरिंग आणि किलोमीटरचा काटा एकत्र दिसणं ही चूक असेलच असं नाही. ती आपली खूणही असू शकते.

पण "असू शकते" याला गुण मिळत नाहीत. व्हाउचर पाहिजे.

मेस्तांनी काटा अलगद बाहेर काढला. मागं कंपनीचं नाव व्हीडीओ, ती जर्मन, आणि महिना-सालाचा छोटा शिक्का. साल गाडीचंच. आकडे मोजणारी चाकं कधी उघडल्याची खूण नव्हती. हे झालं एक.

दुसरं सापडलं मास्तरांच्या घरच्या पेटाऱ्यात. गाडी विकत घेताना डिचोलीच्या कंत्राटदारानं तिचं पोर्तुगीज काळातलं पुस्तक, म्हणजे लिव्रेत, दिलं होतं, आणि सोबत त्याच्या शोफेरची एक लांबट वही. शोफेर पेडण्याकडचा, मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेला. प्रत्येक वेळी डिझेल भरलं की तारीख, लिटर, आणि काट्यावरचा आकडा. महिन्यांची नावं पोर्तुगीज, जानैर, फेव्हरैर, आकडे मराठी. पहिली नोंद १९५७ च्या पावसाळ्यानंतरची. पानं वाळवीनं कडेनं खाल्लेली, पण आकडे शाबूत.

मी ती वही घरी आणली आणि दोन दिवस बसून सगळ्या नोंदी मांडल्या. हे काम मला जमतं. डिचोली ते म्हापसा जाऊन-येऊन आकडा किती वाढायचा ते वहीत वारंवार येत होतं. ते अंतर किलोमीटरमध्ये धरलं तर जुळत होतं, मैलांत धरलं तर गाडी म्हापशाच्या ऐवजी पार कारवारच्या वाटेला लागली असती. शिवाय शेवटची नोंद आणि मास्तरांच्या वडिलांनी गाडी घेतली तेव्हाचा आकडा यांत सलगपणा होता. काटा बदलला असता तर मध्ये उडी दिसली असती. बँकेच्या पासबुकात मधलं पान फाडलं की शिल्लक कशी जुळत नाही, तसं. इथं शिल्लक जुळत होती.

इंग्लंडची ऑर्डर रद्द. काटा पुसून, तेल देऊन परत जागेवर.

असा आनंद झाला खरा, पण पुढचा प्रश्न इतका सोपा नव्हता. तो गुणांचा नव्हताच.

या मॉडेलमध्ये वळायचा दिवा लावायला वेगळी दांडी नाही. हॉर्नची जी कडी असते तीच डावी-उजवीकडं फिरवायची. ती कडी फार पूर्वी मोडली. दुसरी मिळणं अशक्य. तेव्हा मेस्तांनी पितळेची एक दांडी घडवली, ट्रकचा स्विच वापरला आणि स्टिअरिंगखाली बसवली. मास्तरांच्या वडिलांनी मग ती दांडी शेवटपर्यंत वापरली. हातानं हातानं पितळ असं गुळगुळीत झालंय की बोट ठेवलं की खळग्यात बसतं. आता जर्मनीहून मूळ कडी मिळत होती. मुलाला ती बसवायची होती. मास्तर गप्प झाले.

आणि छप्पर. डेटा कार्डवर रंग काळा, कारखान्याचा क्रमांक ४०. छपराचा पिवळा रंग टॅक्सीच्या काळातला. मेस्तांनी एका कोपऱ्यात बारीक सँडपेपरनं घासलं तर झाडाच्या वर्तुळांसारखे थर निघाले, वर पिवळा, खाली आणखी एक पिवळा, मग अस्तर, तळाशी काळा. परीक्षेला काळीच पाहिजे. पण ज्या गाडीतून अर्धा पेडणे म्हापशाच्या इस्पितळात गेला, ती पिवळ्या छपराची. काळी गाडी कंत्राटदाराची, पिवळ्या छपराची मास्तरांच्या बापाची. आता खरी कुठली?

या प्रश्नावर जगभर विचार झालेला आहे. जुन्या वाहनांची फिवा नावाची आंतरराष्ट्रीय संस्था १९६६ पासून आहे. तिनं २०१२ साली तुरीनची सनद स्वीकारली. त्यात असं धोरण आहे की गाडी वापरात असताना तिच्यात जे बदल झाले तेही तिच्या इतिहासात मोडतात, आणि आपण आज जे काही करू त्याची नोंद ठेवली पाहिजे. मी हे मास्तरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे आपण जे पुसू ते लिहून पुसायचं."

मला वाटलं होतं मेस्त आपली पितळी दांडी काढू देणार नाहीत. झालं उलटंच. ते म्हणाले, "तें काडात. दोन दिसांत केल्लें काम तें. गाडी उबी रावूंक फावना आशिल्ली म्हणून." म्हणजे कारागिराला स्वतःचं घाईचं काम परीक्षकांपुढं नको होतं, आणि मास्तरांना तीच दांडी हवी होती कारण तिच्यावर बापाचा हात होता. दोघंही बरोबर. शेवटी कडी बसली. दांडी, स्विच, तिचे दोन स्क्रू, सगळं एका शिसवी पेटीत, कापूस घालून, चिठ्ठीसह. चिठ्ठीवर कुणी केली, कशासाठी केली, कुठं बसवली होती. ती पेटी गाडीच्या डिकीतच असते.

छप्पर काळं झालं. फक्त मागच्या डाव्या दाराच्या रबराखाली, दार उघडल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, चार बोटं पिवळा रंग तसाच ठेवला.

डिझेल पंप आणि नोझल यांच्याबद्दलही एक सांगतो. मूळचे बॉशचे. आत पुढं केव्हातरी मायकोचे भाग पडले होते. मायको म्हणजे बॉशच्याच सहकार्यानं १९५१ ला बंगळूरला निघालेली कंपनी. नकाशा तोच, नाव वेगळं. इंजिन घड्याळासारखं चालत होतं. मेस्त म्हणाले, याला हात लावायचा नाही. नाही लावला. रजिस्टरात नोंद केली, मायको, गुण जाणार, मंजूर.

परीक्षेच्या दिवशी मुंबईहून आलेले दोन परीक्षक होते. एक वयस्कर, एक तरुण. तरुणानं टॉर्च लावून खालून-वरून सगळं पाहिलं. काट्यापाशी आला आणि थांबला, जसं आम्हांला सांगितलं होतं तसंच. मुलानं वहीची झेरॉक्स, माझा तक्ता आणि काट्यामागच्या शिक्क्याचा फोटो पुढं केला. वयस्कर परीक्षकांनी चष्मा काढून वही पाहिली, जानैर-फेव्हरैर वाचलं आणि विचारलं, "गोव्यात गाड्या डाव्या बाजूनं चालायच्या?" मी म्हटलं, कधीच बदलल्या नाहीत. काट्याचा एकही गुण गेला नाही. टायरचे गेले, मायकोचे गेले, चौथ्या काचेचा गेला. आणि तरुणानं मागचं दार उघडलं तेव्हा पिवळ्या रंगाचाही एक गेला. ते त्यानं नियमाप्रमाणंच केलं, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. मास्तर म्हणाले, "तो एक गुण माझ्या बापाच्या नावे." गाडी आपल्या वर्गात दुसरी आली.

मंडळी, हे सगळं एवढ्यासाठी लिहिलं की बारकाव्याला आपण किचाटपणा म्हणतो. पण काट्यावरच्या आकड्यात पोर्तुगीज राज्य, ब्रिटिश शेजार, १९५५ ची कोंडी आणि डिचोलीची खाण एवढं सगळं बसलेलं होतं. इंग्लंडहून मैलांचा काटा आला असता तर गाडी दिसायला अधिक नीट झाली असती आणि गोव्याची राहिली नसती. आणि तो काटा वाचला तो कुणाच्या आठवणीमुळं नव्हे. चौथी शिकलेल्या एका शोफेरनं डिझेल भरताना न चुकता आकडा लिहिला, म्हणून वाचला. त्याचं नाव वहीवर नाही.

ज्यांच्या अंगणात, गोठ्यात, मांडवीखाली एखादी जुनी गाडी झाकून आहे, त्यांच्यासाठी थोडं कामाचं:

भंगारवाल्याला काही देण्याआधी चेसिस आणि इंजिन नंबरचे पेन्सिलीनं ठसे घ्या, फोटोवर विसंबू नका. काढलेला एकही स्क्रू फेकू नका, डब्यात घालून चिठ्ठी लावा. रंगाला हात लावण्याआधी एका कोपऱ्यात थर पाहून लिहून ठेवा. बदललेला भाग दिसला तर लगेच चूक म्हणू नका, कधी आणि का बदलला ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. जीडीनं सुरू होणारा जुना नंबर असेल तर जपा. केंद्र सरकारनं २०२१ च्या जुलैत पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले, त्यात आधीच नोंद असलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. नव्यानं नोंदणी केली तर व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पुढं नूतनीकरणाला पाच हजार. अशी गाडी धंद्याला लावता येत नाही, रोजच्या वापरालाही नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन, एवढ्यासाठीच रस्त्यावर. गाडीनं आपल्याकडं पुष्कळ धंदा केला, आता तिला पेन्शन मिळाली असं समजायचं.

आणि एक विनंती. पेडणे, मांद्रे, धारगळ, डिचोली, साखळी, मये इकडच्या घरांत १९६१ पूर्वीची लिव्रेतं, शोफेरच्या वह्या, आल्फांदेगाच्या पावत्या, गाडीपुढं उभं राहून काढलेले लग्नाचे फोटो नक्की असतील. फोटोत नवरानवरीच्या मागं गाडीचा दिवा, टोपी, नंबरपाटी दिसत असेल तर तो फोटो कुणाच्या तरी गाडीचं व्हाउचर ठरू शकतो. वाळवी लागण्याआधी बाहेर काढा, इथं टाका. मागं कोण उभं आहे आणि गाडी कुणाची, तेही लिहा. मेस्त अजून आहेत तोवर कुठला भाग कुठला ते ओळखून सांगतील, मी त्यांच्याकडं दर रविवारी जातोच.